कुशाबाईनं सोडलेलं मीठ

कुशाबाईकडून एखादी गोष्ट करून घ्यायची असेल तर युक्ती सोपी होती. "हे तुमच्याच्यानं व्हायचं न्हाई" एवढं म्हणायचं आणि बाजूला सरायचं. खोडदमध्ये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिच्या सासूनं मात्र ते अजाणता केलं आणि जन्मभर पस्तावली. कुशाबाईचं माहेर मढ, म्हणजे पावसाकडचं. लग्न होऊन ती खोडदला आली तेव्हा सासू शेजारणीला म्हणाली, "भात लावनारी पोर ही, हिला बाजरीचं खुरपनं काय जमनार?" पोरीनं ते ऐकलं. त्या हंगामात तिनं खुरपं असं चालवलं की सासू कायम चार हात मागं राहिली आणि सून आपल्याला मुद्दाम मागं टाकते अशी तक्रार घेऊन मुलाकडं जाऊ लागली.

मुलगा म्हणजे हौशीराम, गरीब स्वभावाचा माणूस. बायकोच्या हट्टापुढं त्यानं पहिल्याच वर्षी हात टेकले आणि मग सुखानं संसार केला.

नव्वदच्या सुमारास त्या भागात टोमॅटोनं जम बसवला. रानोरान काठ्या आणि तारा उभ्या राहिल्या. तोड्याला टोळ्या लागू लागल्या, टोळीला मुकादम आला, आणि मुकादम म्हणजे पुरुषच. कुशाबाई ज्या टोळीत होती तिचा मुकादम बांधावर बसून तंबाखू मळायचा आणि उन्हात वाकलेल्या बायांवर तिथूनच ओरडायचा. एकदा कुशाबाईनं त्याला उलट उत्तर दिलं तेव्हा तो हसून म्हणाला, "एवढं वाटतंय तर टोळी चालवून दाव की! बायकांचं काम हाये व्हय ते?" झालं. दुसऱ्या दिवशी हा गडी बांधावर आला तर रानात चिटपाखरू नाही. सगळ्या बाया पलीकडच्या मळ्यात कुशाबाईच्या मागं सरीला लागल्या होत्या.

तेव्हापासून टोळी तिची. टोमॅटो तोडणं म्हणजे हाताला येईल ते ओढणं नव्हे. लांबच्या बाजाराला जाणारं फळ नुकता रंग फिरलेलं लागतं. हिरवं तोडलं तर वाया, लाल तोडलं तर वाटेत फुटतं. कुठल्या रानात आज हात घालायचा आणि कुठलं उद्यावर ठेवायचं, हे कुशाबाईला बांधावरून नुसती नजर टाकली की कळायचं. गावाबाहेरच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटिनांच्या पलीकडं गेणभाऊचा मोठा मळा होता. हा माणूस इतका चिकित्सक की घरच्या माणसानं मोजलेली कॅरेटं पुन्हा मोजायचा. पण तोही म्हणायचा, "कुशाबाईची टोळी असंल तर मी बांधावर येतबी न्हाई." दिवसभराच्या तोड्यानं बायांचे हात काळेहिरवे पडत. सुटी झाली की पिकलेला टोमॅटो चुरगाळून सगळ्या हात धूत बसत, आणि त्या वेळी जे हसणं-खिदळणं चाले त्यासाठी कुशाबाई रोज रानात जायची असं म्हटलं तरी चालेल.

दोन हजार चार सालापर्यंत तिची साठी उलटून गेली होती. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तिच्यापुढं कुणी काढली की ती फटकन म्हणायची, "ही म्हन काढनारा एकुनसाठीलाच मेला आसनार."

त्या वर्षी फाल्गुनात तिला रानात दोनदा चक्कर आली. मुलगा सोपान खोडद-नारायणगाव वडापची, म्हणजे माणसं भरून ने-आण करणारी जीप चालवायचा. त्यानं आईला जीपमध्ये घातलं आणि नारायणगावच्या डॉक्टरकडं नेलं. रक्तदाब चढला होता. डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली आणि सांगितलं, "मीठ निम्म्यावर आणा. लोणचं-पापड बंद. उन्हात काम करता तर पाणी भरपूर पीत जा." सांगणं सरळ होतं, चूक शोधायला त्यात काही नव्हतं.

घरी आल्यावर हौशीरामनं ते सगळं सुनेला सांगितलं. सून रंजना तेव्हा चुलीपुढं ठेचा वाटत होती. कुशाबाईला ठेच्यावर वरून मीठ घ्यायची सवय, हे घरादाराला माहीत. रंजना हसत म्हणाली, "मामा, आत्याला आन मीठ कमी? त्यांच्याच्यानं चार दिस निघायचे न्हाईत, लिहून घ्या."

बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण तीर सुटला होता.

मंगळवारी कुशाबाई न्हाऊन-धुऊन देवीच्या देवळात गेली. उंबऱ्याशी बसून तिनं ओंजळीत पाणी घेतलं, "आई, मीठ सोडलं" म्हणाली आणि ओंजळ रिकामी केली. आपल्याकडं असं सोडायची रीतच आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा, कुणी मुलाचं लग्न होईपर्यंत साखर. एकदा पाणी सोडलं की ती वस्तू देवाची, तिच्याकडं वाकड्या नजरेनं बघायचंही नाही. डॉक्टरांनी निम्मं सांगितलं होतं. पण निम्मं हे माप कुशाबाईच्या घरात कधी नव्हतंच.

मग काय विचारता! भाकरीच्या पिठात मीठ नाही, कालवणात नाही, ताकात नाही. तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात अळणी आमटी व्हायची आणि ती रंजनाच्या नजरेला नजर देऊन ती आमटी वाटी तोंडाला लावून प्यायची. भावकीतल्या लग्नाला गेली तर नुसती बुंदी खाऊन उठली. रक्तदाब खाली आला, डॉक्टर खूश झाले, गावात नाव झालं. चौथ्या दिवशी नव्हे, चाळिसाव्या दिवशीही तिनं मिठाच्या बरणीला हात लावला नव्हता. रंजना हात जोडून म्हणाली, "आत्या, हरले मी. आता चिमूटभर तरी घ्या." कुशाबाईला ते ऐकून जे समाधान झालं त्यानं आणखी महिनाभर अळणी खायचं बळ आलं.

वैशाखाचं ऊन तापलं आणि तोडा भरात आला. सकाळपासून दुपार कलेपर्यंत बाया तारांच्या मधून वाकून चालत होत्या. कुशाबाई घामानं निथळायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून टोळीत असलेली बायडाबाई एकदा तिच्या पाठीकडं बघून म्हणाली, "कुशे, तुझ्या चोळीवर आता घामाचं पांढरं उमटंना."

"आगं अंगातलं मीठच गेलं की आता," कुशाबाई अभिमानानं म्हणाली. "उमटंल कुठून?"

दोघीही हसल्या. दोघींपैकी एकीलाही त्या बोलण्यातली मेख कळली नाही, आणि कळावी तरी कशी?

आधी पायात गोळे येऊ लागले. संध्याकाळी पोटरी अशी आवळायची की कुशाबाई दात-ओठ खाऊन भिंतीला टाच लावून उभी राहायची. मग डोकं दुखू लागलं, अन्नावरची वासना उडाली. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर रंजना म्हणाली असती की बघा, मिठाबिगर निभंना. त्यापेक्षा मेलेलं बरं, असा तिचा हिशेब. डोकं दुखलं की ती आणखी एक तांब्या पाणी प्यायची.

आणि मग ते गेणभाऊच्या मळ्यातलं झालं. त्या सकाळी ती बांधावर आली, रानाकडं बघितलं आणि म्हणाली, "घाला हात." बायडाबाई घुटमळली. झाडावर हिरव्या फळांशिवाय काही नव्हतं. रंग फिरायला अजून चार-पाच दिवस होते. "कुशे, कच्चं दिसतंय गं," ती म्हणाली. कुशाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तिला भलत्याच नावानं हाक मारली. बारा वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या जावेच्या नावानं. म्हणाली, "तोड मुकाट्यानं." मुकादमीण सांगतेय म्हटल्यावर बायांनी तोडलं. गेणभाऊ आला तेव्हा कॅरेटांची थप्पी लागली होती, सगळी हिरवीगार. हा माणूस ओरडला नाही. त्यानं एक फळ उचललं, हातात फिरवलं, खाली ठेवलं आणि सरळ सोपानकडं गेला. "म्हातारीला घरी बसीव, सोपान. चळली ती," एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत गावभर झालं. म्हण तर तयारच होती.

कुशाबाई घराच्या पडवीत बसून होती. तिला सकाळचं अर्धवट आठवत होतं, जशी झोपेतून उठल्यावर स्वप्नाची शेपटी हाती लागते तसं. तिची आई मढला अशीच गेली होती. शेवटची दोन वर्षं ती स्वतःच्याच उंबऱ्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "मला माझ्या घरी सोडता का वो?" म्हणून विचारायची. कुशाबाईला मरणाचं भय नव्हतं, उपासमारीचं नव्हतं, उसातल्या वाघराचंही नव्हतं. भय होतं ते एवढंच. आज ते तिच्याच घरी येऊन बसलं होतं आणि ती मनातून पार हादरली होती.

संध्याकाळी सोपान समोर बसला. "आये, उद्यापासून रान बंद. लई राबलीस. आता बस, नातवंडं खेळीव."

"मी चळली न्हाई," ती म्हणाली.

"कोन म्हनतंय चळली? वय झालं म्हनतोय."

"येकच हाये ते."

सोपानचे डोळे भरले होते आणि ते बघून तिला अधिकच राग आला. कीव करणाऱ्याला ओरडतासुद्धा येत नाही.

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत ती निघाली. आपण ठीक आहोत हे दाखवायचं, बस्स, दुसरा विचार नव्हता. गेणभाऊच्या नाही, दुसऱ्याच एका मळ्यात टोळी होती. ती न बोलता सरीत शिरली. बायडाबाईनं तिला अडवलं नाही, नुसती तिच्यावर नजर ठेवून राहिली. ऊन चढलं तशी कुशाबाईची पावलं तिरकी पडू लागली, आणि मग ती तारेवरून पलीकडं कोसळली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. बायांनी आरडाओरडा केला. सोपान जीप घेऊन आला. नारायणगावच्या डॉक्टरांनी बघितलं आणि वेळ न घालवता मंचरच्या दवाखान्यात पाठवलं, कारण हव्या त्या तपासण्या लगेच तिथंच होणार होत्या.

कुशाबाईला नीट जाग आली ती तिसऱ्या दिवशी. डोकं स्वच्छ झालं होतं, इतकं की गेल्या महिन्याभरात ते किती गढूळ होतं हे तिला आता कळलं. खाटेजवळ हौशीराम, सोपान आणि रंजना. हाताला सुई, वर बाटली टांगलेली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तिशीच्या असतील.

"काय आजी, कसं वाटतंय?"

"आजी कुनाला म्हनता बाई? आन ह्या बाटलीत काय हाये?"

"मिठाचं पाणी."

कुशाबाईचा दुसरा हात सुईकडं गेला. "काढा ही."

"अहो, हात लावू नका!"

"काढा म्हनते! माझ्या अंगात मीठ घालायचं कुनी सांगितलं तुमाला? मी देवीला मीठ सोडलंय. तोंडानं खाल्लं न्हाई ते तुमी शिरंतून घालताय! मला न इचारता!"

डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. "सोडलंय म्हणजे? अजिबात खात नव्हता? कुणी सांगितलं होतं?"

"डाक्टरांनी निम्मं सांगितलं व्हतं," हौशीराम हळूच म्हणाला.

"मग निम्मं का नाही केलं?"

रंजनाला हुंदका फुटला. "माझ्यामुळं झालं समदं. मीच म्हनले व्हते, आत्याच्यानं चार दिस निघायचे न्हाईत."

"तू गप," कुशाबाई कडाडली. खाटेवर पडूनही आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. "तू कोन मला मीठ सोडाय लावनारी? मी सोडलं. माझं मी सोडलं."

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि खाटेशी बसल्या. त्यांनी तिचा हात सुईवरून काढायचा प्रयत्न केला नाही. "मावशी, ऐकून घ्या, मग काढायची तर मीच काढते. तुमच्या घरी आमटी कमी पडली की काय करता?"

"पानी वतते."

"आणि वरून मीठ नाही घातलं तर?"

"अळनी लागंल. पुचाट."

"तुमच्या रक्ताचं तसं झालं. बोट कापलं की तोंडात घालता ना? खारट लागतं. रक्तातलं हे मीठ ठरलेल्या मापात असावं लागतं. सोडियम म्हणतात त्याला. एकशे पस्तीसच्या वर पाहिजे, तुमचं एकशे सोळावर आलं होतं. घामातून गेलं, त्या गोळीनं लघवीतून गेलं, खाण्यातून आलं नाही, आणि तुम्ही वरून पाणी ओतत राहिलात. इतकं उतरलं की मेंदू सुजतो. माणूस भलतंच बोलतं, भलतंच करतं."

"पर हे वयामुळंच ना?" सोपाननं विचारलं.

"वयाचा हात आहेच. तरुणपणी मीठ कमी पडलं तर शरीर असलेलं धरून ठेवतं, साठीनंतर ती पकड ढिली होते. पण वय एकटं एवढं करत नाही. घरात बसून असत्या तर कदाचित हे झालं नसतं. आणि दोन घास मिठाचे खाऊन, दुपारचं ऊन टाळून रानात राबल्या असत्या, तरीही झालं नसतं."

सोपाननं त्यातलं घरात बसायचं तेवढं उचललं, कुशाबाईनं रानात राबायचं.

मग तिनं विचारलं, आणि तिचा आवाज एवढा लहान झालेला हौशीरामनं लग्नापासून ऐकला नव्हता. "त्या दिशी मी कच्ची टमाटी तोडाय लावली. ती ह्याच्यानं?"

"ह्याच्यानंच."

"म्हंजी मी चळली न्हाई?"

"नाही हो मावशी. आता बोलताय ना माझ्याशी भांडून? चळलेलं माणूस असं भांडत नाही."

कुशाबाईनं सुईवरचा हात उचलला आणि त्याच हातानं पदर तोंडावर घेतला. रडली ती, पोटभर रडली. सगळ्यांनी दुसरीकडं बघितलं. मग नाक पुसून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती बाटली. देवीचं काय ते मी बघते."

घरी आल्यावर तिला आठ-दहा दिवस सक्तीनं झोपवून ठेवलं. गोळी बदलून मिळाली. पुन्हा रक्त तपासलं, ते मापात आलं होतं. आता दर महिन्याला रक्त तपासून घ्यायचं, मीठ बेतानं पण रोज खायचं, रानात गेलं तर दुपारच्या आत घरी यायचं, एवढं पथ्य होतं. रंजना आमटीत मीठ घालायला गेली तर कुशाबाईनं ताट सरकवलं. "थांब. अजून माझं न्हाई ते."

मंगळवारी ती भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून देवळात गेली. सोबत हौशीराम. गुरव सावळेराम उंबऱ्यातच भेटला. त्याला सगळं ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं. तो म्हणाला, "कुशाबाय, सोडल्याली वस्तू अशी मधीच उचलता येत न्हाई. दसऱ्याला उद्यापन करू, सवाष्नी जेवू घालू, मंग रीतसर घ्या."

"दसऱ्यापतूर काय करू?"

"देवीला सांगा, ती सांभाळील."

"तिला सांगायलाच आलीया," कुशाबाई म्हणाली आणि त्याला ओलांडून आत गेली. देवीपुढं ती बसली नाही, उभीच राहिली. दर्शनाला आलेल्या दोन-चार बाया थबकल्या. तिनं आवाजही खाली आणला नाही.

"आई, मी तुला मीठ दिलं ते तुज्यासाठी न्हाई दिलं. सुनंला दावायला दिलं. तू मागितलं नव्हतंस. खोटं देनं व्हतं ते, म्हनून परत घेते. राग आला आसंल तर माझ्यावर काढ, घरादारावर न्हाई. पाय ने, डोळा ने. पर डोस्कं माझं मला ऱ्हाऊ दे. त्येच्याबिगर मी तुला तरी वळखनार का?"

मग तिथंच पायरीवर बसून तिनं फडकं सोडलं आणि ठेच्यावर वरून मीठ घेतलं. डॉक्टरीणबाईंनी बेतानं सांगितलं होतं. पहिल्या घासाला कुशाबाईनं तेही ऐकलं नाही. गुरव तोंडात बोट घालून बघत होता. हौशीरामनं न बोलता अर्धी भाकरी मागून घेतली आणि तिच्या शेजारी बसून खाऊ लागला. देवीनं काही केलं नाही. केलं असतं तर गावानं नक्की सांगितलं असतं.

राहिलं रान. सोपाननं "दुखन्यातून उठलीस, यंदा नकोच" म्हणून जीपची किल्ली खिशात घातली. ती म्हणाली, "मंग चालत जाते," आणि गेली.

टोळी त्या दिवशी गेणभाऊच्याच मळ्यात होती आणि गेणभाऊ स्वतः बांधावर उभा. हल्ली तो रोज यायचा. कुशाबाईला बघून बायांचे हात थांबले. बायडाबाई पुढच्या सरीत होती; एवढे दिवस टोळी तीच चालवत होती आणि चांगली चालवत होती. गेणभाऊनं वाकून जवळच्या झाडाचं एक हिरवं फळ तोडलं आणि सगळ्यांच्या देखत कुशाबाईपुढं धरलं.

"कुशाबाय, हे काय हाये? कच्चं का पिकलं?"

दोघी-तिघी हसल्या, मग हसू आवरलं. कुशाबाईनं फळ घेतलं नाही.

"कच्चं. त्या दिशीबी कच्चंच व्हतं. तवा मला कळलं न्हाई, आन कळलं न्हाई ह्ये मला आज कळतंय. चळल्याल्या मानसाला ह्ये कळतं का गेणभाऊ? तूच सांग."

हातातलं फळ कुठं ठेवावं हे गेणभाऊला सुचेना. कुशाबाई बायांकडं वळली. "पायात गोळे कुनाकुनाला येत्यात?"

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हणाली, "मला येत्यात. रोज." दुसरी म्हणाली. मग तिसरी. सगळ्यात शेवटी बायडाबाई म्हणाली, "येत्यात. आमाला वाटलं, वयाचंच हाये."

"वयाचं आसतंय थोडं. बाकीचं ह्या दुपारचं हाये," कुशाबाई म्हणाली. "गेणभाऊ, उद्यापासून टोळी उजाडताना रानात यील आन बाराला सुटंल. ताकाचा हंडा बांधावर पायजे, मीठ घातल्याला."

"बाराला सुटून माझी गाडी कशी भरंल? बाजार गाठायचा आसतो मला!" गेणभाऊचा आवाज परत आला होता. "आन आटी घालनारी तू कोन? टोळी आता बायडाबाईची हाये."

हे खरं होतं. सगळ्यांनी बायडाबाईकडं बघितलं. ती सावकाश सरीतून बाहेर आली, हातातली बादली खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. इतकी वर्षं कुशाबाईच्या मागं चाललेली ही बाई, तिला असं उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"व्हय, टोळी माझी हाये," ती म्हणाली. "आन माझी टोळी बाराला सुटती. ताक न्हाई तर आत्ताच सुटली."

बाया एकेक करून बादल्या खाली ठेवू लागल्या. समोर रानभर रंग फिरलेलं फळ होतं, उद्यापर्यंत लाल होणारं. गेणभाऊनं फळाकडं बघितलं, बायांकडं बघितलं. "हंडा पाठवून देतो," असं पुटपुटत तो घराकडं चालू लागला.

कुशाबाईच्या हातून टोळी गेली होती, ती तिच्या डोळ्यांदेखत आणि तिच्याच बाजूनं बोलून गेली होती. बारा-तेरा वर्षांची मुकादमकी. वाईट वाटलंच. पण रान समोर होतं, डोकं जागेवर होतं. तिनं पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायडाबाईला विचारलं, "मुकादमीन, कोंची सरी घिऊ?"

बायडाबाई अवघडली. एवढ्या दुखण्यातून उठलेली बाई, तीही आपली मैत्रीण. तिनं मायेनं बांधाकडं हात केला. "ती कडंची घे, कुशे. आखूड हाये."

कुशाबाईनं तिच्याकडं असं बघितलं की बायडाबाईचा हात तिथंच राहिला.

"आखूड सरी तुझ्या सासूला दे," कुशाबाई म्हणाली, आणि बादली उचलून रानातल्या सगळ्यात लांब सरीत शिरली.